भांडायला कुणीतरी हवं

"तुमच्यात आईच्या बहिणीला आणि वडिलांच्या बहिणीला एकच शब्द आहे का?"

मँचेस्टरला रूम बघायला गेले तेव्हा दार उघडल्या उघडल्या त्या बाईंनी मला हा प्रश्न विचारला. हीटिंग किती वाजता लावता, वॉशिंग मशीन वापरता येईल का, असले प्रश्न मी मनात घोळवत गेले होते. मी गडबडले.

"नाही," मी म्हणाले. "आईची बहीण ती मावशी. वडिलांची बहीण ती आत्या."

"मोठी आत्या आणि धाकटी आत्या, वेगवेगळे शब्द?"

"तेवढं नाही."

त्यांना जरा वाईट वाटलेलं दिसलं. पण त्यांनी दार पूर्ण उघडलं. "चालेल. इंग्रजांपेक्षा बरंच आहे. मला आत्या म्हण. मिसेस-बिसेस म्हणायचं नाही."

मी नागपूरहून वर्क व्हिसावर आलेली, एका आयटी कंपनीत टेस्टिंगचं काम करणारी. त्या घरात मी दोनेक वर्षं राहिले. आमचं बोलणं अर्थात इंग्रजीत चालायचं, ते मी इथे मराठीत लिहितेय. 'आत्या' मात्र मी त्यांना खरोखरच म्हणायचे.

आत्या बुटक्या, खांद्यांनी रुंद, पाठीवर पांढरी जाड वेणी. घरातसुद्धा मेलेल्या नवऱ्याचा रेनकोट घालून फिरायच्या, कारण त्याला खिसे भरपूर होते. त्या मूळच्या बोलिव्हियाच्या. बोलिव्हिया म्हटलं की आपल्याला बर्फाचे डोंगर आठवतात, पण त्यांचं गाव पूर्वेकडच्या सखल, दलदलीच्या भागात, एका रुंद नदीच्या काठी होतं. तिथे पूल बांधायला आलेल्या एका इंग्रज इंजिनिअरशी लग्न करून त्या तरुणपणीच इकडे आल्या. "पूल झाला नाही, लग्न टिकलं," असं त्या सांगायच्या. मूलबाळ नव्हतं.

त्यांच्या भाषेचं नाव मी इथे लिहीत नाही. पुस्तकांमध्ये एक नाव आहे, पण ते नदीपलीकडच्या लोकांनी ठेवलेलं, आणि त्याचा अर्थ 'पुटपुटणारे' असा काहीतरी होतो. आत्यांना ते खपत नसे. त्या नुसतं 'आमचं बोलणं' म्हणायच्या. त्यांच्या लहानपणी सगळं गाव ते बोलायचं. मग मुलांना नन्सच्या बोर्डिंगच्या शाळेत नेलं. तिथे घरची भाषा बोलताना जो सापडेल त्याच्या गळ्यात दिवसभर लाकडाचा ओंडका बांधायचे. ती मुलं मोठी झाली, त्यांना मुलं झाली, आणि त्यांनी आपल्या मुलांशी स्पॅनिशमध्ये बोलायला सुरुवात केली. लाज वाटली म्हणून नव्हे, आत्या म्हणायच्या, माया म्हणून. आपल्याला बांधला तो ओंडका मुलांच्या गळ्यात नको. एवढ्यावर एक भाषा संपायला लागते. पुढे म्हातारी माणसं एकेक करून गेली.

त्या भाषेत एक गंमत होती. कुठलंही वाक्य बोलताना ते तुम्हाला कसं कळलं, हे सांगावंच लागायचं. डोळ्यांनी पाहिलेलं असेल तर क्रियापदाला एक शेपूट, कुणाकडून ऐकलेलं असेल तर दुसरं, नुसता अंदाज असेल तर तिसरं. शेपूट न लावता बोललं तर वाक्य अर्धवट राहायचं. आत्यांनी ही सवय इंग्रजीतही सोडली नव्हती. मी घरी येऊन म्हणावं, "आज ट्रॅम बंद आहेत," की आत्या लगेच, "पाहिलंस की ऐकलंस?" टीव्हीवर हवामान सांगणाऱ्याला त्या तोंडावर सांगायच्या, "अंदाज आहे तर अंदाज म्हण." आणि त्यांचं वय विचारलं तर म्हणायच्या, "माझ्या जन्माच्या वेळी मी हजर होते, पण माझं लक्ष नव्हतं."

मी एकदा त्यांना सांगितलं की आमच्यातही असं थोडंसं आहे. ऐकीव गोष्ट सांगताना आम्ही शेवटी 'म्हणे' लावतो. "तो आजारी आहे म्हणे." आत्या खुर्चीत सरसावून बसल्या. मला तो शब्द चार-पाच वेळा म्हणायला लावला. त्या दिवसापासून त्यांच्या इंग्रजीत 'म्हणे' आलं. कौन्सिलकडून कचऱ्याचे डबे न्यायला येणाऱ्या माणसाला त्या म्हणाल्या, "यू आर कमिंग ऑन थर्सडे, म्हणे." तो माणूस "राइट, लव्ह" म्हणून गेला.

पण त्यांचा खरा स्वभाव भांडणाचा. द्वेषाने भांडायच्या नाहीत, एखाद्याने पत्ते खेळावेत तसं भांडायच्या. शेजाऱ्याच्या कुंपणावरून, दुकानातल्या टोमॅटोंवरून, मी डाळीत हिंग का घालते यावरून. एके दिवशी दुपारी मी घरूनच काम करत होते, तर खाली त्या फोनवर त्यांच्या भाषेत तावातावाने बोलताना ऐकू आल्या. मला वाटलं गावाकडून फोन आलाय. खाली आले तर फोन स्पीकरवर होता आणि एक रेकॉर्ड केलेली बाई सांगत होती, गॅसच्या बिलासाठी एक दाबा.

"आत्या, ते मशीन आहे."

"माहीत आहे. पण ती उत्तर देते," आत्या म्हणाल्या. "आणि माझं काही मान्य करत नाही."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. चहा ओतता ओतता त्यांनी मला भावाबद्दल सांगितलं. धाकटा भाऊ गावातच राहिला होता. गावात फोन आल्यापासून दर रविवारी दोघं बोलायचे, आणि बोलायचे म्हणजे भांडायचे. लहानपणी नाव कुणी बुडवली, आईने कुणाला जास्त मासा दिला. मी राहायला येण्याच्या आधीच्या वर्षी तो गेला.

"तेव्हापासून मला आमच्या बोलण्यात 'तुझं चुकतंय' असं कुणी म्हणालेलं नाही," आत्या म्हणाल्या. "मी काहीही म्हटलं तरी आता तेच बरोबर."

हे त्यांचं दुःख मला नीट कळलं ते संशोधक आला तेव्हा. विद्यापीठातला तरुण मुलगा, अतिशय अदबीचा. मायक्रोफोन घेऊन यायचा, बूट दाराबाहेर काढायचा. हात, पाय, चंद्र, नदी, एकेक शब्द विचारायचा आणि आत्या जे म्हणतील त्याला "वंडरफुल" म्हणायचा. तो गेला की आत्या चिडलेल्या असायच्या.

"आज मी चंद्राला भोपळा म्हणाले."

"मग?"

"त्याने थँक्यू म्हटलं."

पुढच्या वेळी त्यांनी त्याला सरळ सांगितलं, मी खोटं सांगितलं होतं आणि तुला वाद घालता आला नाही, म्हणून तुला अजून काहीच येत नाही. तो बिचारा लाल झाला, पण पळाला नाही. "मग मला आधी 'नाही' म्हणायला शिकवा," तो म्हणाला. त्या दिवसापासून आत्यांनी त्याला बिस्किटं द्यायला सुरुवात केली.

त्यानेच पुढे विद्यापीठात एक कार्यक्रम ठेवला. हॉल भरला होता, मी पहिल्या रांगेत. व्यासपीठावर आत्या रेनकोट घालूनच बसल्या होत्या. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी फार सुंदर भाषण केलं आणि शेवटी म्हणाल्या, या भाषेच्या जगातल्या शेवटच्या भाषक आज आपल्यासमोर आहेत. सगळा हॉल उभा राहिला. टाळ्या सुरू झाल्या. काहींचे डोळे भरून आले होते.

आत्यांनी हात वर करून टाळ्या थांबवल्या.

"शेवटची? हे कुणी पाहिलं?"

सूत्रसंचालन करणाऱ्या बाई हातातले कागद चाळायला लागल्या.

"माझ्या भाषेत हे वाक्य बोलताच येत नाही. मी शेवटची, असं म्हणायचं तर पाहिल्याचं शेपूट लावावं लागेल. नदीच्या वरच्या अंगाला किती घरं आहेत, मी पाहिलेली नाहीत. तुमच्यापैकी कुणी जाऊन आलंय?" त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "मग खाली बसा. असं उभं राहतात ते मेलेल्या माणसासाठी."

लोक बसले. संशोधक डोकं खाली घालून हसत होता.

त्या कार्यक्रमाचा व्हिडिओ कुणीतरी इंटरनेटवर टाकला आणि तो फिरत फिरत बोलिव्हियातल्या त्या गावी पोचला. काही आठवड्यांनी आत्यांना स्पॅनिशमध्ये एक मेसेज आला. भावाची नात. गावातच बालवाडीची शिक्षिका होती. तिने लिहिलं होतं: तुम्ही लोकांना खाली बसवताना पाहिलं. आजोबा होडी बांधताना एकटेच बडबडायचे, ते हेच होतं ना? मला शिकवाल का?

आत्यांनी मेसेज मला वाचून दाखवला, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाल्या, "हिचं अक्षर वाईट आहे." मेसेज टाइप केलेला होता.

दर रविवारी दुपारी आमच्या किचनमध्ये लॅपटॉप उघडायचा. तिकडे तेव्हा सकाळ असायची. आधी नात एकटी असायची, मग ती बालवाडीतल्या मुलांना घेऊन बसायला लागली. मला वाटलं होतं आत्या गाणी शिकवतील, प्राणी-पक्ष्यांची नावं शिकवतील. छे. मुलं आली त्या पहिल्याच दिवशी त्यांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, कुत्र्याला पाच पाय असतात. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांनी परत सांगितलं. मग एका मुलीने हळूच त्यांच्या भाषेतलं 'नाही' म्हटलं. नातीने ते तेवढं आधीच शिकवून ठेवलं होतं.

"असतात. मी पाहिलेत," आत्या म्हणाल्या.

"नाही," आता दोघं-तिघं.

महिन्याभरात ती मुलं आत्यांना वेड्यात काढायला लागली. मासे झाडावर राहतात, आई बाळापेक्षा लहान असते, मँचेस्टरमध्ये ऊन पडतं. आत्या थापा मारायच्या आणि मुलं तावातावाने त्या खोडून काढायची. खोडायला शब्द लागायचे, म्हणून ती शब्द मागून घ्यायची. "मला शाळेत फक्त 'हो सिस्टर' म्हणायला शिकवलं," आत्या मला म्हणाल्या. "मी उलटीकडून सुरू करते."

त्याच सुमारास मी त्यांना लंडनमध्ये पिनरला माझ्या चुलत भावाकडे घेऊन गेले. दिवाळीचं जेवण होतं. भावाची मुलगी तिथेच जन्मलेली, मराठी बोलायची पण लिंगाचा गोंधळ व्हायचा. "माझा चकली कुणी घेतला?" ती म्हणाली. चार बायका एकदम हसल्या, वहिनीने "माझी चकली, कुणी घेतली" असं दुरुस्त केलं, आणि मुलगी पुढचं सगळं जेवण इंग्रजीत जेवली. 'म्हणे' सोडलं तर आत्यांना मराठीचा एक शब्द कळत नव्हता. पण त्यांनी मला विचारलं, "तिला आत्ता गप्प कुणी केलं?"

मी सांगितलं काय झालं ते. आत्या उठल्या, मुलीशेजारी जाऊन बसल्या, तिच्या ताटातली चकली उचलली आणि इंग्रजीत म्हणाल्या की ही माझी आहे, विश्वास नसेल तर तुझ्या भाषेत सिद्ध कर. मुलगी आधी लाजली, मग चिडली, मग "नाही, ते माझा आहे, तुम्ही चोर आहात" इथपर्यंत गेली. वहिनी दुरुस्त करायला पुढे झाली तर आत्यांनी तिला डोळ्यांनीच थांबवलं. परतीच्या ट्रेनमध्ये मला म्हणाल्या, "मुलांच्या चुका काढत बसू नका. त्यांच्याशी वाद घाला. चुका वादात आपोआप झिजतात."

पुढे मी नोकरी बदलून मिल्टन कीन्सला गेले, लग्न झालं, मुलगी झाली, आत्यांशी फोनवर बोलणं राहिलं. फोनवर त्यांचा आवाज हळूहळू उतरत चाललेला मला जाणवला. गावातल्या पालकांनी मुलांना पाठवणं कमी केलं होतं. हे शिकून काय होणार, शहरात नोकरी स्पॅनिशवर मिळते, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं काही खोटं नव्हतं. हे पालक म्हणजे गळ्यात ओंडका बांधलेल्या त्याच मुलांची नातवंडं. शेवटी एका रविवारी स्क्रीनवर नात एकटी होती. त्यानंतर बरेच रविवार ती एकटीच.

"कुत्र्याला आता चारच पाय असतात," आत्या मला फोनवर म्हणाल्या. "कुणाला सांगू?"

त्या हिवाळ्यात मला हॉस्पिटलमधून फोन आला. आत्यांना खूप ताप होता, श्वास लागत होता, शेजाऱ्यांनी ॲम्ब्युलन्स बोलावली होती. जवळचं माणूस म्हणून त्यांनी माझं नाव देऊन ठेवलेलं. मी गाडी काढून मँचेस्टर गाठलं तेव्हा दुपारचे बारा वाजत आले होते. आत्या कॉटवर डोळे मिटून पडल्या होत्या आणि अखंड बोलत होत्या. तापात त्यांची इंग्रजी गेली होती, स्पॅनिशही गेली होती. उरलं होतं फक्त 'आमचं बोलणं'. स्पेनहून आलेली एक नर्स त्यांच्याशी स्पॅनिश बोलून पाहत होती. आत्या तिच्याकडे वळतही नव्हत्या. ऑक्सिजनचा मास्क ढकलत होत्या, हाताची सुई ओढत होत्या. डॉक्टर शांतपणे मला म्हणाल्या, "त्या काहीतरी एकच गोष्ट परत परत सांगतायत. आम्हाला कळलं तर फार मदत होईल."

मला काय येत होतं? किचनमधली भाषा. मीठ दे. दार लाव. गरम आहे, जपून. मी त्यांचा हात धरला आणि तेवढंच म्हटलं, दार लाव, गरम आहे. आत्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, आणि तेच वाक्य मला परत सांगितलं. मला ते कळलं नाही.

मी नातीला व्हिडिओ कॉल लावला. तिच्याकडे मुलांना शाळेत सोडायची वेळ. मागे दारात आया उभ्या, मुलं चपला काढतायत. मी मोडक्या शब्दांत, नर्सच्या मदतीने, तिला सांगितलं आणि फोन आत्यांच्या तोंडापाशी धरला.

नात ऐकत राहिली. तिचा चेहरा ताणला गेला होता. तिने काहीतरी विचारलं, आत्या बोलल्या, तिने परत विचारलं. मग ती स्पॅनिशमध्ये नर्सला म्हणाली आणि नर्सने डॉक्टरांना सांगितलं: छातीचं नाही, त्या पायाचं सांगतायत. डावी पोटरी. कालपासून ठणकतेय.

डॉक्टरांनी पांघरूण बाजूला केलं. पोटरी सुजून घट्ट झाली होती. त्यांनी नर्सकडे पाहिलं आणि एकदम सगळ्यांच्या हालचाली बदलल्या. रक्ताची गाठ असू शकते, लगेच स्कॅन करायला हवा, औषध सुरू करायला हवं. आणि आत्यांनी हाताची सुई उपटायला पुन्हा हात घातला.

पुढे जे झालं त्यातला मला तेव्हा फक्त 'नाही' हा शब्द कळला. बाकीचं आत्यांनी नंतर मला इतक्या वेळा सांगितलंय की आता पाठ आहे.

"मला घरी जायचंय," आत्या म्हणाल्या. "म्हातारी झाले. पुरे झालं."

"नाही," नात म्हणाली. "पुरे झालेलं नाही. तुझं चुकतंय, आजी."

आत्या थांबल्या. त्यांनी डोळे पूर्ण उघडले.

"'चुकतंय' असं म्हणत नाहीत. तू ऐकलेल्याचं शेपूट लावलंस. माझं चुकतंय हे तुला कुणी सांगितलं?"

"आम्ही इथे असंच म्हणतो."

"मग तुम्हा सगळ्यांचं चूक आहे."

"असेल. पण इथे आता असंच म्हणतात. तू तिकडे लांब राहतेस, तुला काय माहीत?"

नर्सने मध्येच स्पॅनिशमध्ये विचारलं, काय चाललंय, त्या तयार आहेत का? नात म्हणाली, "जरा थांबा, आमचं भांडण चाललंय."

तिच्यामागे आया दारातून आत आल्या होत्या. इंग्लंडमधले डॉक्टर त्यांच्या गावच्या बोलण्यासाठी ताटकळत उभे आहेत, हे त्या पाहत होत्या. मुलं नातीच्या खांद्यावरून डोकावत होती, आणि त्यातल्या एकीने आत्यांना ओळखून काहीतरी ओरडून सांगितलं. आत्यांनी मान उचलून स्क्रीनवरची ती सगळी डोकी पाहिली. मग त्यांनी हात सरळ केला आणि नर्सपुढे धरला. मास्कच्या आत त्या हसत होत्या, प्लास्टिक धुरकट झालं होतं.

स्कॅनमध्ये गाठ दिसली. वेळेवर औषध मिळालं. इंग्रजी दोन दिवसांनी परत आली, आणि ती आल्याबरोबर आत्यांनी अख्ख्या वॉर्डला सांगायला सुरुवात केली, शेजारच्या कॉटवरच्या बाईला, चहावाल्याला, राउंडला आलेल्या मोठ्या डॉक्टरांना: "मी हरले. माझ्याच भाषेत. मी स्वतः पाहिलं."

ते उन्हाळ्याच्या आधीचं. मागच्या महिन्यात मी नवऱ्याला आणि मुलीला घेऊन त्यांच्याकडे गेले. आत्या काठी घेऊन चालतात, पण स्वतः चालतात. रविवार होता. किचनमध्ये लॅपटॉप उघडा, आणि स्क्रीनवर इतकी डोकी की मागची भिंत दिसत नव्हती. बालवाडीतली, त्याहून मोठी, कडेवर बाळं घेतलेल्या दोन आयासुद्धा. पुढे कुणी बसायचं यावरून जुंपली होती. एकाने दुसऱ्याला ढकललं, तिसरी मध्ये पडली, बाळ रडायला लागलं, नात एका कोपऱ्यातून सगळ्यांवर ओरडत होती. स्पॅनिशचा एक शब्द माझ्या कानावर पडला नाही. आत्यांकडे कुणी बघतही नव्हतं.

त्या स्क्रीनसमोर बसून बोलायचा प्रयत्न करत होत्या. दोनदा टेबलावर हात आपटला. कुणी लक्ष दिलं नाही.

"काय म्हणतायत ती?" मी विचारलं.

आत्या जरा वेळ कान देऊन ऐकत राहिल्या. मग वैतागून खुर्चीत मागे टेकल्या.

"काय सांगू तुला," त्या म्हणाल्या. "सगळी एकदम बोलतायत."